निकाल कुणाच्या दप्तरात?

बदलापूर किंवा उल्हासनगरमधला वीजग्राहक मोबाइलवर बिल भरायला बसतो, १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि ४ आकडी बिलिंग युनिट टाकतो, आणि क्षणात रक्कम समोर येते. त्या क्षणात पेमेंटचे ॲप, भारत बिल पेमेंट प्रणालीत ग्राहकाच्या बाजूने उभी असलेली संस्था, मधले केंद्र, महावितरणच्या बाजूची संस्था आणि शेवटी महावितरणची बिलिंग यंत्रणा एवढ्यांची विचारपूस होऊन गेलेली असते. प्रत्येकाचा मालक वेगळा आणि प्रत्येक जण आपापल्या सवडीने सॉफ्टवेअर बदलणारा. समजा, यातल्या एकाने नव्या व्हर्जनमध्ये ग्राहक क्रमांक मजकूर म्हणून न ठेवता संख्या म्हणून ठेवला. क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर ते शून्य गळून पडते, १२चे ११ आकडे होतात आणि ‘ग्राहक सापडला नाही’ असे उत्तर येते. माहिती देणाऱ्या सेवेच्या स्वतःच्या चाचण्या पास, ती मागणाऱ्या सेवेच्याही पास. चूक दोघांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे कुणाचाच पहारा नाही.

त्या पट्ट्यासाठीच कॉन्ट्रॅक्ट टेस्टिंग आहे. मागणारी सेवा ‘मी असे विचारीन, मला असे उत्तर हवे’ हे उदाहरणांसह लिहून देते आणि देणारी सेवा ती उदाहरणे स्वतःवर चालवून पाहते. या कामाचे ‘पॅक्ट’ हे साधन २०१३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मालमत्ताविषयक संकेतस्थळाच्या कंपनीत तयार झाले आणि पुढे जगभर वापरात आले. त्यावरची बहुतेक चर्चा करार कसा लिहावा याभोवती फिरते. माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. पडताळणी झाली की नाही, कोणत्या व्हर्जनवर झाली आणि तिचा निकाल करार लिहिणाऱ्याला हवा तेव्हा काढून पाहता येतो का? येत नसेल, तर करार ही केवळ इच्छा उरते.

नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होते आणि मार्ग आखणारे सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होते. फरक जवळपास साडेचार पटींचा. लक्षात घेण्यासारखे हे, की आकडे न्यूटन-सेकंदांत द्यावेत असे दोघांमधल्या तपशीलपत्रकात स्पष्ट लिहिलेले होते. करार होता, शब्दही नेमके होते. देणाऱ्याने तो पाळला असल्याचा पडताळा मात्र घेणाऱ्याच्या हाती नव्हता.

‘पॅक्ट ब्रोकर’ हे अशा पडताळ्यांचे सामाईक दप्तर. त्यात प्रत्येक करारासमोर पास की फेल, देणाऱ्याचे कोणते व्हर्जन, तपासणी कधी झाली आणि त्या बिल्डचा दुवा एवढे नोंदले जाते. मागणारी टीम ताजा निकाल तिथून काढून घेते, किंवा प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, टाकण्याआधी विचारते, की माझे हे व्हर्जन आत्ता तिथे चालू असलेल्या व्हर्जनबरोबर चालेल का? उत्तरे तीन प्रकारची असू शकतात: पास, फेल आणि ‘तपासलेलेच नाही’. माझ्या लेखी तिसरे सर्वांत मोलाचे, कारण एरवी आपण मौनाला होकार धरून पुढे जातो. ब्रोकर तसे करत नाही. निकाल नसेल तर उत्तर ‘नाही’ असेच येते. उलट, नव्या व्हर्जनमध्ये कराराचा मजकूर जसाच्या तसा राहिला असेल, तर जुना निकाल लागू धरला जातो. म्हणजे शिस्त कडक असली तरी आडमुठी नाही.

देणाऱ्याची बाजू अशी, की चाचणीचे निकाल ही आमची घरातली बाब. अर्धवट कामाचे फेल निकाल बाहेर गेले तर उगाच बोंब होईल. उल्हास-वालधुनी नद्यांच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना हा युक्तिवाद नवा नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात प्राणवायूची रासायनिक मागणी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर नको, ही मर्यादा नियमांत होतीच. तरीही ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला सामाईक प्रक्रिया केंद्रांना आणि पालिकांना दंड ठोठावावा लागला. नदीकाठच्या माणसाला नियमाची प्रत मिळवता येते. त्याला हवा असतो कालच्या पाण्याचा अहवाल. सॉफ्टवेअरमध्ये तर तडजोड सोपी आहे. अर्धवट कामाचे निकाल वेगळे ठेवा, प्रॉडक्शनला असलेल्या व्हर्जनचे तेवढे उघडे करा.

सगळ्या यंत्रणा एकत्र उभ्या करून एकदाच चाचणी घ्यावी, हेही सुचवले जाते. पण पाच मालकांच्या पाच यंत्रणा एकाच दुपारी तयार स्थितीत मिळणे हेच दुर्मीळ, आणि फेल झाले तर दोष कुणाचा यावर आठवडा जातो.

याहून वजनदार आक्षेप दोन आहेत. पास झालेला करार लिहिलेल्या उदाहरणांपुरताच खरा असतो. शून्याने सुरू होणारा क्रमांक उदाहरणात कुणी घातलाच नसेल, तर निकाल हिरवा येईल आणि अंबरनाथचा ग्राहक तरीही अडेल. हे मान्यच करावे लागते; निकालासोबत करारही वाचायला मिळाला पाहिजे तो याचसाठी. दुसरे, मागणारे कोण हे ठाऊकच नसेल, तर ही पद्धत लंगडी पडते. सर्वांना खुल्या असलेल्या सेवांसाठी पॅक्ट योग्य नाही, असे ते बनवणारेच सांगतात. मात्र बिल भरण्याच्या साखळीत प्रत्येक सांध्यावरचे दोन्ही पक्ष ओळखीचे आणि नोंदणीकृत असतात. नगरपालिका मालमत्ता कराचे सॉफ्टवेअर बाहेरून घेते तेव्हाही तसेच. निविदेत ‘चाचणी करून द्यावी’ हे कलम असते. त्याच्या जोडीला, चालू व्हर्जनच्या पडताळणीचा निकाल जोडलेल्या प्रत्येक यंत्रणेला परवानगी न मागता वाचता यावा, हेही कलम हवे. आणि निकाल नसेल तर नवे व्हर्जन चढवायचे नाही, हे त्याच्या खाली.