भिंतीवर पलटण आहे, गाव नाही

पेण-रोह्याकडची कुटुंबंही आता युरोपच्या सहलीला जातात. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हा ठरलेला रस्ता. त्यात एखादं युद्धस्मारक घ्यावं का, हा प्रश्न ‘मुलं कंटाळतील’ एवढ्यावरच निकालात निघतो. माझ्या मते जरूर घ्यावं. पण तिथे पराक्रम शोधू नये, तिथे नाव असलेला आपल्याकडचा माणूस इथवर आला कसा हे विचारावं. त्याचं उत्तर इटलीत नाही, रायगड जिल्ह्यात आहे.

रोम आणि नेपल्सच्या मध्ये कॅसिनो आहे. ज्यांची कबर वा चिता कुठे ते ठाऊक नाही, अशा राष्ट्रकुलातल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. त्यांतले एक माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सोबतचे सारे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा घाडग्यांनी एकट्याने ते ठाणं घेतलं आणि तिथेच गोळ्या लागून गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा झाला, २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. पदक होतं म्हणून आठवण राहिली. इटलीच्या मोहिमेत पावणेसहा हजारांच्या घरात हिंदी सैनिक मेले, त्यांतल्या बाकीच्यांचं काय? कॅसिनोच्या भिंतीवर पलटण, हुद्दा आणि नाव सापडतं, गाव नाही. ते राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मिळतं, तेही सगळ्यांचं नाही. या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात, आणि जिल्ह्याचं तेव्हाचं नाव कुलाबा होतं, एवढं लक्षात ठेवलं की शोध घरबसल्या सुरू होतो. हे न करता भिंतीसमोर उभं राहिलं तर फक्त संगमरवर दिसतो.

त्याआधीच्या महायुद्धात तर नावही मिळालं नाही. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतच्या १९१५-१६ च्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झालं, त्यावर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक आकडा. असा भेदभाव झाल्याची कबुली आयोगाने २०२१ मध्ये दिली. म्हणजे स्मारक हाही सरकारी कागदच, आणि तो तसाच, संशय ठेवून वाचायला हवा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की ही माणसं साम्राज्यासाठी लढली. देश ‘चले जाव’ म्हणत असताना यांनी त्याच सरकारचा पगार घेतला, मग आपण तिथे हात का जोडावेत? आक्षेप खोटा नाही. १९३९ मधली सुमारे दोन लाखांची हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली, तीही सक्तीची भरती नसताना. पण सक्ती नव्हती म्हणजे मोकळीक होती, असं होत नाही. याच कुलाबा जिल्ह्यात चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतं पडीक ठेवून खोतांशी झुंज दिली. एक पावसाळी भात, त्यातला मोठा वाटा खोताचा. अशा मुलखात दरमहा मनिऑर्डरीचं वजन काय असेल! कोण नेमका का भरती झाला हे माणसागणिक सांगता येणार नाही. परंतु मुंबईच्या गिरणीत गेलेल्याला आपण भाडोत्री म्हणत नाही. गिरणीत माणसं मारायची नसतात हे कबूल. म्हणूनच हात जोडण्यापेक्षा हिशेब विचारणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

राहिला मुलांचा प्रश्न. अवचितगडावर मुलांना नेताना ‘तिथे माणसं मेली’ म्हणून कोणी अडत नाही. उलट तिथे आपण त्यांना नुसत्या शौर्यकथा सांगतो. कॅसिनोत बक्षीस, बढती, कर्ज, खोती असं अवघड काही सांगावं लागेल, आणि दहावीतल्या मुलाला ते पेलतं. सहल कंपनीची बस बहुधा थांबणार नाही. रोमहून रेल्वेने जाऊन-येऊन एक दिवस मोडतो, आणि पिसाच्या मनोऱ्याला टेकू दिल्याचा फोटो हुकला तरी बिघडत नाही.