भाव वाढला, पण कोणत्या महिन्यात?

सोयाबीन पिकवणाऱ्या घरात तेल विकत येतं. तूर पिकवणाऱ्या घरातही मृग लागेपर्यंत डाळीचा डबा रिकामा होतो आणि किराणा दुकानातून पावशेर-पावशेर डाळ आणावी लागते. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातली बहुतेक घरं अशीच आहेत. त्यामुळे महागाईची बातमी आली की शहरात जसे दोन तट पडतात, शेतकऱ्याला चार पैसे मिळाले म्हणणारे एकीकडे आणि घरखर्च कोलमडला म्हणणारे दुसरीकडे, तसे इथे पडत नाहीत. विकणारी आणि विकत घेणारी माणसं इथे एकाच चुलीजवळ जेवतात. म्हणून भाव किती वाढला हे विचारण्याआधी तो कोणत्या महिन्यात वाढला, हे विचारायला हवं.

2020 साली सोंगणीच्या दिवसांत पाऊस आला. भिजलेलं, डागी सोयाबीन दिवाळीच्या आसपास क्विंटलला चार हजारांच्या आगेमागे विकलं गेलं. कृषी केंद्राची उधारी होती, सोंगणीची मजुरी द्यायची होती, थ्रेशरवाला दारात उभा होता. कट्टे मळणीवरून थेट अडत्याकडे गेले. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याच सोयाबीनने दहा हजार ओलांडले. तेव्हा ते लहान शेतकऱ्याच्या घरात नव्हतं. ते साठा करणाऱ्यांकडे होतं, तेल गिरण्यांकडे होतं आणि ज्यांना वर्षभर माल घरात ठेवणं परवडतं अशा मोजक्या मोठ्या शेतकऱ्यांकडे होतं. बाकीच्यांनी त्या तेजीतून काय घेतलं? पेरणीला महागडी बियाण्याची बॅग आणि किलोला दीडशेच्या पुढे गेलेलं तेल. कोंबडीचं खाद्य महागलं म्हणून केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये 12 लाख टन सोयापेंड आयातीला मुभा दिली. नवा माल बाजारात येईतो भाव जवळपास निम्म्यावर आला होता. चढता भाव लहान शेतकऱ्याने गिऱ्हाईक म्हणून मोजला आणि उतरता भाव विक्रेता म्हणून घेतला.

तुरीचंही तेच झालं. 2015 च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. इथली तूर त्याआधीच, जानेवारी-फेब्रुवारीत निघून विकली गेली होती. तो भाव डोळ्यांसमोर ठेवून पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर वाढवली, पाऊसही चांगला झाला आणि पीक अमाप आलं. बोनस धरून 5050 रुपये हमीभाव होता, पण खुल्या बाजारात चार हजार मिळणंही अवघड झालं. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या होत्या, आणि 22 एप्रिल 2017 ला खरेदी थांबवली गेली. नंतर ओरड झाल्यावर ती पुन्हा सुरू करावी लागली. तोवर ज्याला थांबता येत नव्हतं त्याने तूर देऊन टाकली होती.

हे झालं जमीन असलेल्यांचं. तांड्यावरच्या, गावकुसाजवळच्या ज्या बाया निंदायला आणि सोंगायला जातात, त्यांच्याकडे विकायला काहीच नसतं. त्यांना वाढलेला भाव फक्त द्यायचा असतो. वऱ्हाडात शेताशेतात ज्वारी होती तेव्हा मजुरीचा काही भाग खळ्यावरून धान्याच्या रूपात घरी येई. ज्वारी महागली तरी त्या घरातली भाकर महागत नसे. आता ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे आणि सोयाबीनची भाकर होत नाही. रोख मजुरी हातात येते, ती घेऊन दुकानात जावं लागतं. सरकारच्या 2023-24 च्या घरखर्च पाहणीत ग्रामीण भारतात 100 पैकी 47 रुपये खाण्यावर जातात असं दिसलं. ही सरासरी आहे. मजुराच्या घरात हा वाटा त्याहून मोठा असणार, आणि तेल-डाळ महागली की त्या घरात आधी डाळ पातळ होते, मग ती एक दिवसाआड होते.

महाराष्ट्राने दोन्ही बाजूंची मोठी आंदोलनं पाहिली आहेत. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या हजारो बायका रस्त्यावर आणल्या. 1980 मध्ये शरद जोशींनी चाकणला कांद्याच्या रास्त भावासाठी रस्ता अडवला. दोन्ही बाजूंची मागणी खरी होती. पण दोन एकर कोरडवाहूत सोयाबीन पेरून दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी मानोऱ्याची बाई दोन्ही मोर्चांत अर्धी-अर्धीच मावते.

तिच्या वाट्याला आलेल्या एका योजनेचं उदाहरण घ्या. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांत वाशिम आहे. या जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना 2015 पासून 2 रुपये किलोने गहू आणि 3 रुपये किलोने तांदूळ, माणशी 5 किलो मिळत असे. 2023 पासून धान्याऐवजी बँक खात्यात माणशी महिन्याला 150 रुपये आणि नंतर 170 रुपये ठरले. धान्य हातात होतं तोवर बाजार कितीही चढला तरी 5 किलोचे 5 किलोच राहत. 170 रुपयांचं तसं नाही. 2024 च्या उन्हाळ्यात एवढ्या पैशांत जेमतेम किलोभर तूरडाळ येत होती.

भाववाढीचा फायदा ज्याला थांबता येतं त्याला होतो, असं माझं मत आहे, आणि थांबण्याची ताकद लहान माणसाला देता येते. राज्यात शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवली की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. ज्या घराला दसऱ्याला उधारी फेडायची आहे त्याच्यासाठीच ती आहे. तिचं गोदाम आणि पैसा पहिला कट्टा काट्यावर चढण्याआधी तयार हवा, दिवाळी उलटल्यावर नव्हे. आणि ते 170 रुपये दरवर्षी गहू-डाळीच्या बाजारभावाप्रमाणे वाढवा, नाहीतर धान्य परत द्या. मानोऱ्यात मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे या दोन मागण्या ठेवा.