नाव गावच्या यादीत, शिफ्ट चाकणला

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या तासांविषयी एक निर्णय मंजूर केला. दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती, असे त्याचे स्वरूप होते. अडीच महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला पाचऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, या त्यातल्या ठळक तरतुदी. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्या विशीतल्या मुलामुलींचा अख्खा दिवस या दोन निर्णयांनी बदलू शकतो. लेखी संमती नाकारता येते का, हे त्यांना कोणी सांगितले? आणि हे निर्णय जिथे होतात त्या सभागृहांत त्यांच्या बाजूने बोलण्याची जबाबदारी नेमक्या कोणत्या आमदार-खासदाराची?

यातला दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कारण लातूर, बीड, नांदेड, यवतमाळ, जळगाव इथून आलेल्या आणि चाकणभोवतीच्या नाणेकरवाडीत, खराबवाडीत, मेदनकरवाडीत किंवा महाळुंग्यात चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाचे नाव मतदार यादीत असलेच, तर ते बहुधा गावी असते. चाकण ज्या मतदारसंघात येते त्या खेड-आळंदीच्या आमदाराचा तो मतदार नाही. शिरूरच्या खासदाराचाही नाही. आणि गावाकडच्या आमदाराला चाकणच्या बारा तासांच्या शिफ्टशी काही देणेघेणे असण्याचे कारण नाही.

हे आधी असे नव्हते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. त्या कारखान्यांत लागलेला माणूस कायम झाला. कायम झाल्यावर त्याने निगडीत, चिखलीत, भोसरीत जागा घेतली, रेशनकार्ड इथले केले, मुले इथल्या शाळेत घातली. मतदार यादीतले नाव त्याच ओघात आले. त्यासाठी त्याला वेगळे काही करावे लागले नाही. शिवाय युनियन होती. पगारवाढीच्या कराराच्या निमित्ताने का होईना, कायदा, सरकार, मंत्रालय, न्यायालय हे शब्द गेटसभेत त्याच्या कानावर पडत होते. राजकीय शिक्षणाची ती एक शाळाच होती.

आजचा विशीतला कामगार ट्रेनी असतो, अप्रेंटिस असतो किंवा ठेकेदाराकडून आलेला असतो. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, मग दुसरी कंपनी, दुसरी खोली. त्याला युनियन नाही. रेशनकार्डावर त्याचे नाव आईवडिलांबरोबर गावी आहे. मतदार म्हणून नोंद होण्याची जी वाट मागच्या पिढीला आपोआप सापडली, ती नोकरीच्या बदललेल्या स्वरूपाने बंद केली. म्हणून ‘आजच्या पोरांना राजकारणात रस नाही’ हे वाक्य या पट्ट्यापुरते तरी अन्यायाचे आहे. ही मुले राजकारणावर बोलतात, मेसमध्ये जेवताना हिरिरीने बोलतात. पण ते बोलणे दिल्ली-मुंबईचे असते. राहत्या वॉर्डात, राहत्या गावात त्यांचे नावच नसते.

आकडेही इथे फसवे ठरतात. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. पिंपरी मतदारसंघात ते निम्म्याहून थोडेसेच अधिक होते. चिंचवड हा साडेसहा लाखांहून अधिक मतदारांचा, राज्यातला सर्वांत मोठा मतदारसंघ. तिथेही टक्का साठीच्या आत राहिला. खेड-आळंदीत मात्र मतदान पिंपरीपेक्षा बरेच जास्त झाले. वरवर पाहता चाकणचा भाग अधिक जागरूक वाटेल. पण टक्केवारी काढली जाते ती यादीत नाव असलेल्यांची. कंपनीच्या बसची वाट पाहत पहाटे रस्त्यावर उभे राहणारे, पण यादीत नसलेले लोक त्या हिशेबात येतच नाहीत. मतदान न करणारा निदान मोजला तरी जातो. यादीबाहेरचा माणूस मोजलाही जात नाही, आणि उमेदवार त्याच्या खोलीचा जिना चढत नाही.

देशाचे चित्रही फार वेगळे नाही. १९८९ पासून मतदानाचे वय एकविसावरून अठरा झाले, ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने. त्याला पस्तीस वर्षे होऊन गेल्यावर, २०२४ च्या लोकसभेला अठरा-एकोणीस वर्षांचे सुमारे १.८ कोटी मतदार देशभरात नोंदलेले होते. त्या वयाच्या एकूण तरुणांच्या निम्मेही ते भरत नाहीत.

मग नाव इथे का आणत नाहीत? त्याची कारणे खरी आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. गावी शेत आहे, भाऊबंद आहेत, सरपंचाच्या निवडणुकीत घरातली चार मते मोलाची असतात. त्या दिवशी न्यायला गाडी येते, गावी जाणे होते, आईच्या हातचे जेवण होते. इथली नोकरी किती दिवसांची याची खात्री नाही. घरमालक भाडेकरार नोंदवायला राजी नसतो. आणि एक भीती अशी की, इथे नाव घातले तर गावचा हक्क जाईल. ही भीती चुकीची आहे. मतदार यादीचा जमिनीच्या मालकीशी काही संबंध नाही. सातबाऱ्यावरचे नाव त्यामुळे हलत नाही.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथला तो मतदार. केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे गावी वाडा असलेला पण वर्षातले अकरा महिने चाकणला राहणारा तरुण कायद्याच्या भाषेत चाकणचा आहे. दोन ठिकाणी नाव ठेवणे मात्र बेकायदा आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घरचा किंवा वसतिगृहाचा, यांपैकी एक पत्ता निवडता येतो. आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या हजारो मुलामुलींना हे ठाऊकच नसते. निवडणूक आयोगाने दूर राहूनच मतदान करता येईल अशा यंत्राचा प्रस्ताव जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवला होता, पण ते यंत्र प्रत्यक्षात आलेले नाही. ते येईपर्यंत नाव हलवणे हाच मार्ग आहे.

नाव हलवून काय मिळते, हे तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटताना उभे राहिल्यावर कळते. पुणे-नाशिक रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. औद्योगिक वसाहतीतले रस्ते एमआयडीसीकडे. चाकण गावठाणाला नगरपरिषद आहे, भोवतालच्या गावांना ग्रामपंचायती. नियोजन पीएमआरडीएचे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. पोलीस २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, तहसील मात्र राजगुरुनगरचे. वाहतुकीच्या एका कोंडीला इतके धनी. उपमुख्यमंत्री असताना अजित पवारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये भल्या सकाळी येऊन ही कोंडी पाहिली आणि या भागासाठी स्वतंत्र महापालिकेचा विषय पुढे आला. महापालिका व्हावी की नाही, झाली तर कर किती वाढतील, भाड्याच्या खोल्यांचे काय, पाणी कुठून आणणार, हे प्रश्न इथे राहणाऱ्या प्रत्येकाचे आहेत. ग्रामसभेत त्यावर बोलायचे तर गावच्या मतदार यादीत नाव लागते. कारण कायद्याने ग्रामसभा म्हणजे गावच्या यादीतले मतदार. महाळुंग्यात सहा वर्षे भाडे भरणारा माणूस महाळुंग्याच्या ग्रामसभेचा सभासद नसतो, तो यामुळे.

शहराची गोष्ट याहून बोलकी आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेत २०१७ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी, राज्यातल्या इतर महापालिकांबरोबर. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात शहराने केंद्राच्या योजनांसह साडेनऊ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प पाहिला. मे २०२५ मध्ये पुढच्या वीसेक वर्षांचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर हजारो हरकती आल्या. तो मांडला गेला तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. पाण्याचा प्रश्न त्याहून जुना. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला होता आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे बळी गेले. वाकडच्या सोसायटीत टँकरची वाट पाहणाऱ्या तरुण अभियंत्याला हा इतिहास माहीत असला पाहिजे. त्याशिवाय पाण्याच्या प्रश्नावर कोणता उमेदवार खरे बोलतो आहे आणि कोणता नुसता शब्द देतो आहे, हे त्याला ओळखता येणार नाही.

महापालिकेच्या याच निवडणुकीत तरुणांच्या एका गटाला फार महागात पडलेली गोष्ट घडली. मतदानासाठी १ जुलै २०२५ रोजीची विधानसभा मतदार यादी धरली गेली. त्यानंतर अठरा पूर्ण केलेल्यांना, किंवा नंतर अर्ज केलेल्यांना, जानेवारीत मतदान करता आले नाही. २ जुलैला अठराव्या वाढदिवसाचा केक कापलेल्या चिंचवडच्या मुलीला आपल्या प्रभागाचे नगरसेवक निवडण्याची पहिली संधी साधारणपणे २०३१ मध्ये मिळेल, म्हणजे तेविसाव्या वर्षी. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्यांचे नाव यादीत येत नाही, हे महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच सांगायला हवे. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. अकरावी-बारावीचे आणि आयटीआयचे वर्ग हीच त्याची जागा आहे.

नोंदणी झाल्यावर खरे काम सुरू होते. या शहराचा बराचसा भाग मावळ लोकसभेत आहे, तर भोसरी शिरूरमध्ये. पिंपरी आणि चिंचवडचा मतदार घाटाखालच्या पनवेल, उरण, कर्जतच्या मतदाराबरोबर एकच खासदार निवडतो. महापालिकेत ३२ प्रभाग आणि १२८ जागा, म्हणजे एका मतदाराला चार मते द्यायची असतात. चारपैकी एकाच उमेदवाराची माहिती घेऊन गेलेला मतदार उरलेली तीन बटणे चिन्ह पाहून दाबतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधल्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रावर सांगावे लागतात, आणि ती शपथपत्रे मोबाइलवर वाचता येतात. नव्या फोनचे पाच रिव्ह्यू पाहणाऱ्या पिढीने आपल्या प्रभागातल्या उमेदवारांची चार शपथपत्रे वाचावीत, ही अपेक्षा मोठी नाही.

जबाबदारी एकट्या तरुणावर टाकणेही बरोबर नाही. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी देणे कायद्याने बंधनकारक आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही. ठेकेदाराच्या माणसांना ती खरोखर मिळते की पुढच्या रविवारी भरून घेतली जाते, हे मोठ्या कंपन्यांनी स्वतः तपासले पाहिजे. सुरक्षा सप्ताह, रक्तदान शिबिर यांसाठी जी जागा गेटच्या आत मिळते, तीच दर तिमाहीला मतदार नोंदणीसाठी मिळाली तर हजारो अर्ज एका दिवसात भरले जातील. राजकीय पक्षांना हे परवडेल का, हा वेगळा प्रश्न. भाड्याच्या खोल्यांतली मते यादीत आली, तर पाणी, बससेवा, रस्ता आणि ठेकेदारी हे विषय त्यांना जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर घ्यावे लागतील.

पुढची लोकसभा आणि विधानसभा २०२९ मध्ये आहे. पहिल्यांदा नोंदणी करायची असेल तर नमुना ६, गावचे नाव इथे आणायचे असेल तर नमुना ८. दोन्ही अर्ज मोबाइलवरून भरता येतात. नोंदणीकृत भाडेकरार नसला तरी चालू पत्त्याचे बँक पासबुक किंवा आधार चालते. पगाराचे खाते इथल्या शाखेत असेल तर त्यावरचा पत्ता आधी बदलून घ्यावा. अडचण आली तर १९५० हा क्रमांक आहे. चाकणच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाने हा अर्ज पुढच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी भरावा, आणि खोलीतल्या बाकीच्या तिघांनाही भरायला लावावा.