पिशवीचा खटला

ऑक्टोबर २००० मध्ये लंडनच्या पेटंट न्यायालयाने व्हॅक्युम क्लीनरच्या एका पेटंटवर निकाल दिला. वादी होती जेम्स डायसनची कंपनी आणि प्रतिवादी हूवर. हूवर म्हणजे या धंद्यातलं जुनं घराणं. इंग्लंडमध्ये घरात यंत्र कोणतंही असो, लोक आजही 'हूवर फिरवतात'. या हूवरने १९९९ मध्ये 'ट्रिपल व्होर्टेक्स' नावाचं बिनपिशवीचं मॉडेल बाजारात आणलं आणि डायसनने दावा ठोकला. हूवरचा बचाव अशा खटल्यांत नेहमी असतो तोच होता: यात शोध कसला? फिरत्या हवेच्या जोरावर धूळ वेगळी काढायची युक्ती लाकडाच्या गिरण्यांत कधीपासून वापरात आहे. ती घरगुती यंत्रात बसवणं कुणाही जाणकार इंजिनिअरला सहज सुचलं असतं.

सुचलं असतं, तर इतकी वर्षं सुचलं का नाही? सगळा खटला शेवटी या प्रश्नापाशी येऊन थांबला. न्यायाधीश मायकेल फिश यांनी उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की हा अख्खा उद्योग पिशवीने पछाडलेला होता आणि पिशवी काढून टाका असं म्हणणं त्या काळी पाखंड ठरलं असतं. हूवर अपिलात गेली. वर्षभराने तिथेही ती हरली. अपील न्यायालयातले न्यायमूर्ती सेडली आणखी पुढे गेले. पिशवी नसलेल्या कुठल्याही तंत्राच्या बाबतीत हा उद्योग जवळजवळ आंधळा-बहिरा झाला होता, आणि हे आंधळेपण पैशातून आलेलं असल्यामुळेच ते जास्त चिवट होतं, असं त्यांचं म्हणणं.

पेटंट कायद्यात एक काल्पनिक माणूस असतो. आपल्या क्षेत्रातलं सगळं त्याने वाचलेलं असतं, पण प्रतिभा म्हणून त्याच्याकडे काही नसते. अशा माणसालाही जे सहज सुचेल, त्याला पेटंट मिळत नाही. या माणसाला आजवर पगार नव्हता, मालक नव्हता, विक्रीचं टार्गेट नव्हतं. डायसनच्या खटल्यात ते सगळं त्याला मिळालं. ज्याचं पोट पिशव्यांच्या विक्रीवर चालतं, त्याला पिशवी नको हे सुचणार कसं, हा विचार न्यायालयाने ग्राह्य धरला. मला हा निकाल पटतो. पण डायसन जिंकला म्हणून पेटंटपद्धतीने आपलं काम चोख केलं, असं म्हणायला मी तयार नाही. त्यासाठी जरा तारखांकडे पाहावं लागेल, आणि त्याआधी पिशवीकडे.

ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने १९०१ मध्ये हवा ओढून घेणारं पहिलं यशस्वी यंत्र केलं. त्याआधीची यंत्रं हवा फुंकून धूळ उडवायची. बूथने म्हणे खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. हवा ओढायची आणि वाटेत कापड धरायचं, हे सूत्र तिथे ठरलं. त्याचं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं असे. ते दाराशी उभं करायचं आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडायच्या. घरात मावणारं विजेचं यंत्र केलं ते अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या जेम्स मरे स्पँगलरने. तो एका दुकानात झाडलोट करायचा, त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण व्हायचा. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. यंत्र मोठ्या प्रमाणावर काढायला लागणारं भांडवल मात्र त्याच्याकडे नव्हतं, म्हणून ते पेटंट शेजारच्या गावातल्या विल्यम हूवर या चामड्याच्या व्यापाऱ्याकडे गेलं. आज यंत्राला नाव आहे ते हूवरचं. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

बूथचं कापड पुढे पिशवी झालं आणि पिशवी कागदाची झाल्यावर धंद्याचं गणितच पालटलं. यंत्र गिऱ्हाईक दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेणार, पिशव्या मात्र सारख्या लागणार. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तसाच हा प्रकार. वर या पिशवीचा दोष असा की ती भरण्याच्या कितीतरी आधी निकामी होते. बारीक धूळ कागदाची छिद्रं बुजवते, हवा अडते आणि यंत्राची ओढ संपते. गिऱ्हाईक उघडून बघतं तर पिशवी अर्धी रिकामी. मग ते नवी पिशवी आणतं. कारखानदाराच्या दृष्टीने यात बिघडलेलं काहीच नव्हतं.

डायसनला १९७८ च्या सुमारास हीच अडचण आली. त्याने पुठ्ठ्याचा शंकू करून चिकटपट्टीने जुन्या यंत्राला जोडला. गंमत म्हणजे ते यंत्र हूवरचंच होतं. शंकूत हवा वरून तिरपी शिरते, भिंतीला घासत गरगर फिरत खाली जाते, निमुळत्या भागात तिचा वेग वाढतो. धूळ बाहेरच्या बाजूला फेकली जाऊन तळाशी घसरते आणि मधल्या पोकळीतून स्वच्छ हवा वर निघून जाते. अडायला कापड नाही, त्यामुळे ओढ कमी होत नाही. तत्त्व जुनं, पण घरातली धूळ म्हणजे केस, धागे, वाळू आणि डोळ्याला न दिसणारी भुकटी यांचा काला. एका शंकूला ते झेपत नाही. आधी केरकचऱ्यासाठी एक रुंद टप्पा आणि मग भुकटीसाठी निमुळता शंकू, अशी जोडी बसवेपर्यंत पाच वर्षं आणि ५,१२७ नमुने लागले. घर बायकोच्या चित्रकलेच्या शिकवण्यांवर आणि कर्जावर चाललं. नमुना घेऊन तो कंपन्यांचे उंबरठे झिजवत फिरला. कुणी दारात उभं केलं नाही, कुणी नुसतंच बघून घेतलं. पुढे हूवरच्याच एका उपाध्यक्षाने बीबीसीच्या कार्यक्रमात बोलून दाखवलं की हे तंत्र आम्ही विकत घेतलं नाही याची खंत वाटते. घेतलं असतं तर फडताळात ठेवून दिलं असतं, कुणीच वापरलं नसतं. इतकी उघड कबुली धंद्यात क्वचित ऐकू येते.

आता तारखा. ज्या पेटंटवर हूवर हरली, त्याचा युरोपीय अर्ज जून १९८१ चा. पेटंटची मुदत २० वर्षांची आणि ती अर्जाच्या दिवसापासून चालू लागते. वस्तू बाजारात केव्हा येते याच्याशी तिला कर्तव्य नसतं. स्वतःच्या नावाचं पहिलं यंत्र, डीसी०१, डायसनने १९९३ मध्ये आणलं. म्हणजे बारा वर्षं आधीच सरली होती. खटल्याचा निकाल आला तेव्हा पेटंटचे नऊ महिनेही उरले नव्हते. हूवरने आगाऊ उडी घेऊन फायदा मिळवला म्हणून मुदत संपल्यावरही बारा महिने तिला ते मॉडेल विकायला बंदी घालावी लागली, आणि पैशाचा हिशेब २००२ मध्ये ४० लाख पौंडांवर तडजोडीने मिटला. तोवर डायसन ब्रिटनमधला सर्वांत जास्त खपणारा ब्रँड झाला होता. त्याला ते ४० लाख नसते मिळाले तरी काही अडणार नव्हतं.

अडलं होतं ते आधी. १९८४ मध्ये अॅमवेशी झालेला परवान्याचा करार मोडला आणि काही वर्षांनी अॅमवेने स्वतःचं तसलंच यंत्र बाजारात आणलं. डायसनने अमेरिकेत दावा लावला. ती लढाई १९९१ पर्यंत चालली आणि तडजोडीने संपली. ज्याच्याकडे स्वतःचा कारखाना नाही, जो परवान्याच्या तुटपुंज्या रकमेवर जगतो, त्याने सातासमुद्रापलीकडच्या बलाढ्य कंपनीशी चार वर्षं झगडायचं. पेटंट ज्या माणसासाठी आहे असं आपल्याला सांगतात, तोच हा माणूस. आणि नेमकं त्याच वेळी ते हत्यार त्याच्या हातात नीट पेललं नाही. पेलायला लागलं ते तो धनाढ्य झाल्यावर. माझा आक्षेप एवढाच आहे: पेटंट दुबळ्याचं शस्त्र म्हणून मिरवलं जातं, पण ते चालवायला आधी सबळ व्हावं लागतं.

यावर एक रास्त प्रतिवाद आहे. पेटंट नसतं तर जपानच्या एपेक्स कंपनीने डायसनला दारात उभं केलं नसतं. तिथे १९८६ मध्ये 'जी-फोर्स' नावाचं गुलाबी यंत्र निघालं, सुमारे दोन हजार डॉलर किमतीचं, आणि त्याच्या रॉयल्टीवर डायसन तग धरून राहिला. खरं आहे. याआधी बॉलबॅरो नावाच्या ढकलगाडीचं पेटंट त्याने स्वतःच्या नावावर न ठेवता कंपनीच्या नावावर केलं होतं. १९७९ मध्ये भागीदारांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा पेटंट तिथेच राहिलं आणि त्याच्या हाती काही उरलं नाही. तेव्हा सातबारा आपल्या नावावर असणं फार मोलाचं. पण सातबारा नावावर असणं वेगळं आणि बांध कोरणाऱ्याला कोर्टातून हटवणं वेगळं, हे महाराष्ट्रात तरी कुणाला समजावून सांगायला नको.

सबळ झाल्यावर माणूस कोणकोणत्या बांधावर हक्क सांगू लागतो, तेही बघण्यासारखं आहे. धूळ दिसावी म्हणून डायसनने यंत्राचं भांडं पारदर्शक केलं होतं. लोकांना घाण बघायला आवडत नाही, असं बाजार-पाहणीवाले सांगत होते. त्याने ऐकलं नाही आणि तोच बरोबर ठरला. मग १९९६ मध्ये त्याने हे पारदर्शक भांडंच ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला काढलं. पेटंट २० वर्षांनी संपतं, ट्रेडमार्कचं नूतनीकरण मात्र कितीही वेळा करता येतं. प्रकरण युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००७ मध्ये निकाल लागला: ही एखादी खूण नव्हे, हा वस्तूचा गुण आहे, कुठल्याही आकाराचं पारदर्शक भांडं एकाच कंपनीच्या नावावर कायमचं करता येणार नाही. २०११ मध्ये व्हॅक्स कंपनीच्या यंत्राचा आकार आपल्यासारखा आहे हाही दावा अपिलात फेटाळला गेला. डायसनचं यंत्र गुळगुळीत, वळणदार. व्हॅक्सचं दणकट, कोनाकोनांचं, असं न्यायालयाला वाटलं. २०१३ मध्ये सॅमसंगविरुद्धचा दावा तर डायसनला काही महिन्यांतच मागे घ्यावा लागला, आणि बदनामी झाली म्हणून सॅमसंगने उलट १० अब्ज वॉन मागितले.

या तिन्ही ठिकाणी डायसनचं काही चाललं नाही ते बरंच झालं, असं मी म्हणेन. पिशवी हटवणं हा शोध होता, कारण सगळा उद्योग त्याच्या आड उभा होता. पारदर्शक प्लास्टिकच्या आड कुणीही उभं नव्हतं. आणि पिशवीवाले सरसकट लबाड होते असंही नाही. धुळीची अॅलर्जी असलेल्याला भांडं झटकण्यापेक्षा बंद पिशवी फेकून देणं बरं वाटतं. मीले ही जर्मन कंपनी आजही पिशवीची यंत्रं विकते आणि ती खपतात.

आपल्याकडे व्हॅक्युम क्लीनरवरून अशी रणं माजली नाहीत. शहाबादी फरशी आणि केरसुणी यांच्या राज्यात हे यंत्र बरेचदा माळ्यावरच जाऊन बसतं. पण शस्त्र कोण चालवू शकतं हा प्रश्न इथेही आहे, आणि त्याचं उदाहरण पुण्याच्या बजाज ऑटोचं. छोट्या इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या तिच्या पेटंटवरून २००७ मध्ये चेन्नईच्या टीव्हीएसशी वाद पेटला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशाने २००८ मध्ये टीव्हीएसला अंतरिम मनाई केली, खंडपीठाने २००९ मध्ये ती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे सांगण्यात आलं की बौद्धिक संपदेचे खटले वर्षानुवर्षं रेंगाळता कामा नयेत, मूळ दावा नोव्हेंबरअखेर निकाली काढा. त्या नोव्हेंबरात काही झालं नाही. दोन्ही कंपन्यांनी २०१९ मध्ये आपसात मिटवलं. या दहा वर्षांत दोघींचाही धंदा व्यवस्थित चालू होता; त्यांना परवडलं. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये जिग-फिक्स्चर करणाऱ्याला दहा वर्षं परवडतील का?

आपलं सरकार अर्जाच्या शुल्कात सवलत देतं. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर मूळ शुल्क १,६०० रुपये. चांगलंच आहे, पण अर्ज हा कधीच महाग भाग नव्हता. ब्रिटनने दुखण्याच्या जागेवर बोट ठेवलं, तेही उशिराच. डायसन-हूवरचा निकाल देणारे फिश पुढे पेटंट्स काउंटी कोर्टाचे न्यायाधीश झाले. छोट्या पेटंटधारकांसाठी म्हणून काढलेलं हे कोर्ट. तिथेही खर्च आटोक्यात येईना, म्हणून २०१० मध्ये नियम बदलले: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला द्यायच्या खर्चाला ५० हजार पौंडांची कमाल मर्यादा आली, बहुतेक पुरावा आधीच लेखी मांडायची पद्धत आली आणि सुनावणी दोनेक दिवसांत आटपायचा दंडक आला. त्यातली खर्चाची मर्यादा आपल्याकडे फारशी कामाची नाही. इथे हरलेल्याकडून खरा खर्च वसूल होतोच कुठे? आपलं दुखणं तारखांचं आहे. उचलायचे तर ते दोन दिवस उचलावेत. दोन दिवसांत तांत्रिक बारकावे सुटतील अशी तक्रार वकील मंडळी करतील, आणि काही सुटतीलही. मोठ्या कंपन्यांनी आपले बारकावे घेऊन उच्च न्यायालयात खुशाल दहा वर्षं बसावं. पण दावा ठरावीक रकमेच्या आतला असेल तर कुठल्या कोर्टात जायचं हे लहान पक्षाने ठरवावं, मोठ्याने नव्हे.