ट्रान्सफर विंडो आणि मामांची डीपी

मे 2025 मध्ये ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डनं लिव्हरपूल सोडतोय असं जाहीर केलं आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दंगल उसळली. ग्रुपमध्ये सगळे धुळे-जळगावचे. निम्मे पुण्यात माझ्यासारखे आयटीत, बाकीचे गावी. इंग्लंडला एकही गेलेला नाही. तरी त्या रात्री दोन वाजेपर्यंत मेसेज चालू होते. सहा वर्षांचा असताना क्लबात आलेला, त्याच शहरात जन्मलेला पोरगा करार संपताना रियाल माद्रिदला जातो म्हणजे काय? 11 मेला अर्सेनलविरुद्ध तो ॲनफिल्डवर उतरला तेव्हा त्याच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आमच्या धुळ्याच्या एका मित्रानं एकच शब्द टाकला. गद्दार.

मला हसू आलं. कारण जून 2022 मध्ये याच मित्रानं मला तासभर फोनवर समजावलं होतं की एका पक्षाचे आमदार आधी सुरतला आणि मग गुवाहाटीला गेले ही गद्दारी नाही, उठाव आहे. माणसाला घुसमट झाली तर त्यानं बाहेर पडावं, निष्ठा म्हणजे गुलामी नव्हे, वगैरे. चॅटमध्येही लिहिलं होतं त्यानं. मी तो जुना स्क्रीनशॉट शोधला आणि ‘गद्दार’च्या खाली चिकटवला. पंधरा जणांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. मित्र ग्रुपमधून बाहेर पडला, आणि तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

तेव्हा मला वाटलं, मी जिंकलो. नंतर मात्र एक गोष्ट आठवली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना.

मार्च 2021. जळगाव महापालिकेत महापौराची निवडणूक. 2018 मध्ये लोकांनी 75 पैकी 57 जागा भाजपला दिल्या होत्या, शिवसेनेला 15 आणि एमआयएमला 3. म्हणजे महापौर कोणाचा यात काही प्रश्नच नव्हता. पण भाजपचे 27 नगरसेवक फुटले. कोविडमुळे मतदान ऑनलाइन झालं आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौर झाल्या. त्या दिवशी मी काय केलं होतं? मीम फॉरवर्ड केली होती. ‘जळगावकरांनी करेक्ट कार्यक्रम केला’ असं लिहून. सव्वा वर्षानं त्याच जिल्ह्यातले शिवसेनेचे चारही आमदार शिंदे गटात गेले तेव्हा मात्र मला लोकशाही आठवली, मतदाराचा विश्वासघात आठवला, जनादेश आठवला. 27 माणसं चिन्हावर निवडून येऊन पलीकडे जातात तो कार्यक्रम, आणि चार जातात ती गद्दारी. माझा स्क्रीनशॉट कोणी काढला नव्हता, एवढाच फरक.

आमच्या कामात कोडचा रिव्ह्यू करताना एक चांगली सवय लावून घ्यावी लागते, कोणी लिहिलंय ते न पाहता काय लिहिलंय ते पाहायचं. राजकारणाच्या मतांना हीच चाचणी लावून बघा. बातमीतली पक्षांची नावं खोडा, अ आणि ब लिहा, आणि मग मत द्या. मी हा प्रयोग केला आणि नापास झालो. तुम्हीही करून बघा, पण आधीच सांगतो, मजा येत नाही.

पण या चाचणीनं फक्त ढोंग पकडलं जातं. बाजू बदलणं मुळात चूक आहे का, असेल तर कशामुळे, हे ती सांगत नाही. मग ते कसं ठरवायचं?

फुटबॉलवाल्यांनी यावर आपल्यापेक्षा जास्त डोकं लावलंय. 1995 पर्यंत युरोपात असं होतं की करार संपला तरी जुना क्लब पैसे घेतल्याशिवाय खेळाडूला सोडत नसे. ज्याँ-मार्क बोस्मान नावाचा बेल्जियमचा एक साधा खेळाडू, फार कोणाला माहीत नसलेला, यावर कोर्टात गेला आणि डिसेंबर 1995 मध्ये युरोपच्या न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. करार संपला की माणूस मोकळा. ज्याचे श्रम, त्याचा हक्क. मला हे शंभर टक्के पटतं, कारण मी स्वतः तिसऱ्या कंपनीत आहे. माझे वडील एकाच नोकरीत निवृत्त झाले, त्यांना माझ्या ‘स्विच’बद्दल अजून थोडी लाज वाटते. मला वाटत नाही. मी नोटीस पिरियड भरला, काम हातात दिलं, निघालो.

तरीही 2000 साली लुईस फिगो बार्सिलोनाहून रियाल माद्रिदला गेला आणि दोन वर्षांनी बार्सिलोनाच्या मैदानावर परतला तेव्हा त्याच्या दिशेनं डुकराचं मुंडकं फेकलं गेलं. कायद्यानं त्यानं काहीच चूक केली नव्हती. क्लबला पैसे मिळाले, त्याला पगार मिळाला. ज्यांचं काही गेलं त्यांच्याशी त्याचा कागद झालाच नव्हता. चाहत्यांशी कोणी करार करत नाही. त्यांनी आपलं मन आपल्या मर्जीनं लावलेलं असतं, आणि तेवढ्यावरून ते खेळाडूकडून वसुली मागतात. मला त्यांची कीव येते, पण बाजू खेळाडूचीच घ्यावीशी वाटते.

आमदाराचं तसं नाही. त्याचा कागद झालेला असतो, फक्त कोणाशी झालाय यावर आपला घोळ आहे. 1985 मध्ये 52वी घटनादुरुस्ती होऊन दहावं परिशिष्ट आलं, ते सांगतं की आमदार पक्षाला बांधील आहे, व्हिप मोडला तर सदस्यत्व जाईल. पण एक तृतीयांश लोक मिळून फुटले तर चालायचं. 2003 मध्ये ती पळवाट बुजवली, दोन तृतीयांश घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची ठेवली. म्हणजे एकटा गेला तर गुन्हा, गाडी भरून गेले तर विलीनीकरण. मधू लिमये या कायद्याच्या विरोधात होते, किरकोळ पक्षांतर थांबेल आणि घाऊक वाढेल असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी 1940-41 मध्ये हा माणूस आमच्या धुळ्याच्या तुरुंगात वर्षभर होता, युद्धविरोधी प्रचार केला म्हणून. निष्ठेची किंमत त्याला माहीत होती, तरीही सक्तीच्या निष्ठेवर त्याचा विश्वास नव्हता. या परिशिष्टात मतदार कुठेच नाही. तक्रार पक्षाची, निकाल अध्यक्षांचा. मत देणारा मात्र गॅलरीत.

माझ्या मते प्रश्न जाण्याचा नाहीच, जाताना काय सोबत नेलं याचा आहे. उन्मेष पाटील 2019 ला भाजपकडून जळगावचे खासदार झाले, 2024 ला तिकीट कापलं गेलं, तेव्हा ते खासदारकीचा राजीनामा देऊन ठाकरेंच्या शिवसेनेत गेले. कारण तिकीट असेल, राग असेल, मला माहीत नाही आणि फरकही पडत नाही. टर्म संपत आली होती, खुर्ची त्यांनी ठेवून दिली. फुटबॉलच्या भाषेत, विंडो उघडी होती. धुळ्याच्या कुणाल पाटलांचं अजून स्वच्छ. आजोबा चुडामण पाटील काँग्रेसचे खासदार, वडील रोहिदास पाटील काँग्रेसचे मंत्री, स्वतः काँग्रेसचे आमदार. नोव्हेंबर 2024 ला हरले आणि जुलै 2025 ला भाजपमध्ये गेले. त्यांच्या हातात कोणाचा जनादेशच नव्हता, मग कोणाचं काय नेलं? पण धुळ्यात जाऊन विचारा. मधल्या टर्ममध्ये फुटलेल्यांबद्दल लोक खांदे उडवतात, आणि या घराबद्दल बोलताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो. तीन पिढ्यांनंतर कसं जाववलं, म्हणतात. म्हणजे लोकांच्या हिशोबात जनादेश कमी आणि नातं जास्त. माझा हिशोब उलटा आहे आणि मला तो बरोबर वाटतो. पण म्हाताऱ्यांचा चुकीचा आहे हे मला सिद्ध करता येत नाही.

आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट. फुटून गेलेल्यांचं 2024 च्या विधानसभेत काय झालं? जळगाव जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा जागा महायुतीनं जिंकल्या. शिंदेंबरोबर गेलेले गुलाबराव पाटील आणि किशोर पाटील निवडून आले. चिमणराव पाटलांच्या जागी त्यांचा मुलगा, लता सोनवणेंच्या जागी त्यांचे पती निवडून आले. अजित पवारांबरोबर गेलेले अमळनेरचे अनिल पाटील निवडून आले. गुलाबरावांचं तर खातंही बदललं नाही, ठाकरेंच्या मंत्रिमंडळात पाणीपुरवठा, शिंदेंच्याही आणि नंतर फडणवीसांच्याही. ज्यांचा विश्वासघात झाला म्हणून मी पुण्यात बसून तळमळत होतो, त्यांनीच शिक्का मारून दिला. आता मी कोणाच्या वतीनं रागावू?

हा प्रश्न मी अखाजीला मामांना विचारला. घरात पुरणाचे खापरावरचे मांडे चालले होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं. मामा केळीवाले. वीस-बावीस वर्षं एका नेत्यामागे आहेत, आणि तो नेता जिकडे गेला तिकडे मामाही गेले. फुटबॉलमध्ये असं फारसं होत नसे. फिगो गेला म्हणून बार्सिलोनाचा चाहता माद्रिदचा झाला नाही. (हल्ली होतं. रोनाल्डोबरोबर माद्रिदहून ट्युरिन, ट्युरिनहून मँचेस्टर आणि तिथून सौदी अरेबियात गेलेले दोन जण आमच्या ग्रुपमध्ये आहेत.) मी मामांना म्हणालो, मामा, तुम्ही ज्या पक्षाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्यालाच आता मत देता, काही वाटत नाही का?

मामा म्हणाले, “एप्रिलमध्ये डीपी जळाली होती. बाग उभी होती, तीन दिवस पाणी नाही. केळीले तीन दिवस म्हणजे काय, तुले माहीत हाये. मी फोन केला, त्यानं फोन केला, संध्याकाळी गाडी आली. पक्ष डीपी बसवून देतो का रे भो?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. डीपी बसवणं वीज कंपनीचं काम आहे, त्यासाठी कोणाचे पाय धरायला लागू नयेत, हे मी म्हणालो. मामा म्हणाले, हो, लागू नयेत. आणि गप्प बसले. माझी तत्त्वनिष्ठा इन्व्हर्टरवर चालते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, ते त्यांचं मोठेपण.

पण मामांच्या हिशोबातही एक रक्कम लिहायची राहिली आहे, आणि ती मी त्या दिवशी काढली नाही. त्यांचा सख्खा चुलतभाऊ, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. बांधाला बांध. एका निवडणुकीत आप्पा दुसऱ्या बाजूला होते, आणि प्रचारात मामा त्यांना चौकात, माणसांसमोर, नको ते बोलले. त्यानंतर दोन घरांचं जाणं-येणं बंद. लग्नात पत्रिका येते, माणूस येत नाही. दरम्यान मामांचा नेता आणि आप्पांचा नेता एकाच आघाडीत आले, एका स्टेजवर हार घालून उभे राहिले. मामा आणि आप्पा दोघंही त्या सभेला होते. वेगवेगळ्या बाजूंनी गेले, वेगवेगळ्या बाजूंनी परत आले.

मला यात खरी चूक दिसते, आणि ती मला पक्षांतरापेक्षाही मोठी वाटते. मत आपण नेत्याकडून उसनं घेतो, पण त्या मतापायी केलेलं वैर आपलं स्वतःचं असतं. नेता मत बदलतो तेव्हा आपलंही मत फुकटात बदलून मिळतं, वैर मात्र जसंच्या तसं राहतं. ते कोणी परत घेत नाही. मुक्ताईनगरकडे बघा. एकनाथ खडसे चाळीस वर्षं भाजपमध्ये काढून ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रवादीत गेले. सून रक्षा खडसे भाजपच्याच राहिल्या, तिसऱ्यांदा रावेरच्या खासदार होऊन केंद्रात मंत्री झाल्या, आणि योगायोग म्हणजे खातं क्रीडा. मुलगी रोहिणी शरद पवारांच्या पक्षात. एका घरात एवढं मावू शकतं. लोक यावर हसतात, सगळीकडे पाय ठेवलेत म्हणतात. असतीलही. पण पक्ष वेगळा म्हणून नातं तोडावं लागत नाही, हे ज्यांच्या नावानं आपण भांडतो त्या माणसांना ठाऊक असतं आणि आपल्याला नसतं, हे जरा विचित्रच आहे.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा की एखादी संस्था बिघडत असेल तर माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आत राहून आवाज करणं. निष्ठेचा उपयोग एवढाच की ती निघून जाणं लांबवते आणि आवाजाला वेळ मिळवून देते. वाचलं तेव्हा मला मामाच आठवले. त्यांची निष्ठा बावीस वर्षांची, पण त्यांनी नेत्याला एकदाही विचारलं नाही की आपण का जातोय. त्यांनी विचारलं असतं तर डीपीचा फोन उचलला गेला असता का? बहुतेक उचलला गेला असता. त्याला मामांच्या वाड्यातली चौसष्ट मतं लागतातच. पण ही खात्री मला आहे, मामांना नाही, आणि बाग त्यांची आहे.

संध्याकाळी निघताना मी मामांना विचारलं, आप्पांची डीपी कुठली?

“तीच,” मामा म्हणाले. “एकाच डीपीवर दोघांची मोटर.”

म्हणजे एप्रिलमध्ये मामांच्या फोनवर आप्पांच्या केळीलाही पाणी मिळालं होतं. आप्पांना ते माहीत आहे का, विचारलं. मामांनी चपला शोधायला सुरुवात केली. मग म्हणाले, “तू तुझ्या त्या धुळ्यावाल्या मित्राशी बोलतो का हल्ली? आधी तर सारखं नाव घेत होता त्याचं.”

मी म्हटलं, बस निघायची वेळ झाली.