फळ नेमके कुणाचे?

ठाकराच्या नाग्याला पुण्यवंत व्हायचे होते. बाप भगत, डोंगर देवाचा आणि पोराच्या मनात एकच ध्यास की देवाने आपल्याला आपले म्हणावे. पदरात पडला तो राणीमाशीचा डंख आणि कायमचा गेलेला एक डोळा. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली केलेल्या चित्रपटाचे हे बीज. मोहन आगाशे यांचा नाग्या मग लिंगोबाच्या डोंगराशीच वैर धरतो, मधाची पोळी उतरवायला निघतो, जिंकतोही. पण जैत झाली त्याच घडीला स्मिता पाटील यांची चिंधी त्याच्या हातून जाते.

कथा कर्नाळ्याच्या अंगाची. पण ठाकरवाड्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतही आहेत, आणि नाग्याचा प्रश्न तिथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नेकीने कष्ट केले तर फळ मिळते का? मिळाले तर ते कुणाचे? आणि फळावर डोळा ठेवून केलेली नेकी नेकीच राहते का? या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर स्मिता पाटील यांना त्याच वर्षाच्या ‘भूमिका’साठी अभिनयाचा. पुण्याच्या फळाविषयीच शंका घेणाऱ्या कलाकृतीला असे फळ आले, आणि नाग्याचा प्रश्न पडद्यावरून उतरून चित्रपट करणाऱ्यांपुढे उभा राहिला.

स्वतंत्र चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोचतो. धंद्याचा सिनेमा फळासाठीच निघतो, गल्ला मोजतो आणि मोकळा होतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही. स्वतंत्रपणे चित्रपट काढणारा मित्रांकडून उसने घेतो, आयुष्याची उमेदीची वर्षे एका गोष्टीमागे घालवतो आणि विचारले तर सांगतो, हे सांगितल्यावाचून राहवत नव्हते. बाजाराचे फळ त्याने आधीच सोडलेले असते. अशा लोकांसाठी अमेरिकेत १९८४ पासून दरवर्षी एक सोहळा होतो. १९८६ पासून त्याचे नाव ‘इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्ड्स’. अनेक वर्षे तो ऑस्करच्या आदल्या दिवशी सांता मोनिकाच्या समुद्रकिनारी तंबू ठोकून भरत आला. सुरुवातीच्या सन्मानचिन्हात पारदर्शक पिरॅमिडच्या आत बुटाच्या नाड्या लोंबत असत, तुटपुंज्या पैशांत उभ्या राहिलेल्या कामाची खूण म्हणून. २०२१ पासून तिथे दूरचित्रवाणीच्या मालिकांनाही पुरस्कार मिळू लागले, आणि २०२३ पासून अभिनयात नट-नटी असा भेद राहिला नाही. खर्चाची मर्यादा ओलांडलेला चित्रपट स्पर्धेत घेतच नाहीत. पण ज्याने फळ सोडले त्याच्यापुढे पुन्हा फळाचे ताट मांडणे हा त्याच्या व्रताचा मान झाला की व्रतभंग?

मराठी माणसाला याचे एक उत्तर १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात मिळाले होते. दर रविवारी विनोबा भावे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. त्या बोलण्याचेच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. दुसऱ्या अध्यायावर बोलताना विनोबांनी फलत्यागाचा अगदी व्यवहारातला अर्थ लावला. ज्याचा डोळा फळावर, त्याचा काही वेळ आणि काही जीव फळाच्या चिंतनात खर्ची पडतो. ज्याने फळ मनातून काढले, त्याचा सगळा जीव कामात उतरतो, म्हणून त्याचे काम सरस होते. दाखले दोन दिले: देव दारात आला तरी हातातली सेवा न सोडणारा पुंडलिक, आणि शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत करणारे तुकोबा. स्वतंत्र चित्रपटकारांना ही मांडणी चटकन पटेल. चित्रीकरणाच्या वेळी परीक्षकांची पसंती डोक्यात ठेवणाऱ्याचा चित्रपट कुठे ना कुठे खोटा पडतोच, आणि ते प्रेक्षकाला कळते.

पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींच्या त्याच लेखणीतून ‘श्यामची आई’ उतरले. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला, आणि १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले होते. तुकोबांच्या वाट्यालाही असाच मान आला. प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. राजाचा नजराणा परत करणाऱ्या वाण्याला असा तीन शतकांनी, सातासमुद्रापलीकडून मान मिळाला. ते मानपत्र पुढे गहाळ झाले, पुण्यात कचऱ्यात सापडले आणि २००४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आले. मधल्या काळात कागद कुठे होता याने चित्रपटाचे काहीच अडले नाही. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा लोकांच्या डोळ्यांपुढे होतेच.

इथवर सगळे सुंदर आहे. पण शहापूर-मुरबाडमध्ये उभे राहून फलत्यागाची भाषा बोलताना जीभ अडखळली पाहिजे. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आदिवासींनी पिढ्यानपिढ्या फळावाचून काम केले. त्याला वेठ म्हणत. सावकाराच्या शेतावर वेठ, जंगल ठेकेदाराच्या कुपात वेठ. १९४५ च्या जानेवारीत शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, त्याच वर्षी वारली उठले, आणि गोदावरी परुळेकर यांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली. आजही दिवाळी उलटली की या भागातली कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा उचल फिटली की अंगावर राहिली एवढाच प्रश्न असतो. त्यांना जाऊन कुणी फळाची आशा सोडा म्हणाले, तर तो जुलूम होईल. तुकोबा नजराणा परत करू शकले, कारण तो त्यांच्या दारापर्यंत आला होता. ज्याच्या दारात तो कधी आलाच नाही, त्याच्या रिकाम्या हाताला त्याग म्हणणे ही फसवणूक आहे.

म्हणून नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तल्या जब्याला, म्हणजे सोमनाथ अवघडेला, बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद निखळ होता. सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला तो मुलगा, कॅमेऱ्यापुढे कधी उभा न राहिलेला. त्या पोराला निष्काम कर्माचा उपदेश करण्याची गरज कुणालाच वाटली नाही, आणि ते योग्यच झाले. आधी पदरात पडू दे. सोडायचे की धरायचे ते त्याचे तो ठरवील.

आलेला मान अंगाला चिकटू न देता घ्यायचा कसा, हे शहापूरच्या सीमेला लागलेल्या मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात दिसते. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवांची सोंगे निघतात. कोणते सोंग कोणी आणायचे, तो मान ठरावीक घराण्यांकडे. रात्री ज्याने मुखवटा चढवला त्याच्या पाया पडतात, ओवाळतात, नवस बोलतात. जगदंबेने महिषासुर मारला की बोहाडा उलगतो, मुखवटे उतरतात आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी शेतावर राबायला जातो. आदल्या रात्रीचे नमस्कार कुणाला होते हे त्यालाही ठाऊक असते आणि गावालाही. बक्षीस घेणाऱ्याने शिकावे असे यात पुष्कळ आहे. पण एक खोटही सांगितली पाहिजे. मान घराण्यात अडकला की मान नसलेल्या घरचा गुणी पोर जन्मभर दुसऱ्याच्या सोंगापुढे नुसता नाचत राहतो. गुण पारखून दिलेला पुरस्कार या बाबतीत नक्कीच जास्त न्यायाचा.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला लोक जमतात, ते मात्र मान घ्यायला येऊ न शकणाऱ्यांसाठी. १९४३ साली त्या दिवशी भाई विठ्ठल कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणले होते. स्वातंत्र्य अजून साडेचार वर्षे दूर होते. भाईंवरचा चित्रपट २०२० साली आला. त्यांच्या कर्माचे फळ खाणारी तोवर तिसरी-चौथी पिढी होती.

गीतेत अर्जुन एकटा आहे. त्याने काय करावे, फळाकडे कसे पाहावे, हे सगळे त्या एकट्याला उद्देशून. चित्रपटाचे कर्म मात्र एकट्याचे नसतेच, आणि इथे गीतेवरच्या नेहमीच्या भाष्याला एक पाऊल पुढे जावे लागते. मी फळ सोडले, एवढे म्हणून दिग्दर्शक सुटत नाही. त्याने सोडलेले फळ गेले कुठे, हेही पाहावे लागेल. ‘स्पिरिट’ पुरस्कारांमध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांच्या नावाचा एक पुरस्कार आहे. तो दिग्दर्शक, पात्रनिवड करणारे आणि नटसंच यांना मिळून देतात, कुणा एकाला नाही. ही चांगली सुरुवात आहे, पण नटसंचापाशी थांबणारी. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडील गेल्यावर गावी जाऊन दहा दिवसांचे सुतक पाळणाऱ्या मुलाची ती गोष्ट आहे. ती दिग्दर्शकाच्या जगण्यातून आली, पण सुतकाचे नेम, रडण्याची रीत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे टोकणे हे एका अख्ख्या गावाने पिढ्यानपिढ्या घडवलेले असते. ‘जैत रे जैत’मधला ठाकरांचा ढोल, त्यांचे देव आणि डोंगराविषयीची त्यांची भीती हेसुद्धा असेच, अनेकांनी मिळून जपलेले धन.

शहापूर तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. १८९२ साली तानसा धरण पुरे झाले, मग मोडकसागर, मग भातसा. पाणी मुंबईला गेले आणि उन्हाळ्यात धरणाच्या उशाशी असलेल्या पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट पाहतात. डोंगरातून गोष्टी नेणाऱ्यांनी ही वाट धरू नये. मराठी प्रेक्षकाने तर आपला देण्याचा वाटा कधी नाकारलेला नाही. २००४ मध्ये ‘श्वास’ ऑस्करला निघाला तेव्हा खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढून पैसे दिले होते. ते देणाऱ्यांपैकी कुणाचेही नाव कुठल्या चिन्हावर कोरले जाणार नव्हते.

तेव्हा फलत्याग करायचाच असेल तर तो असा करता येईल. वाडीत चित्रीकरण केले तर राबलेल्या प्रत्येकाला ठरल्या दिवशी ठरले पैसे द्यावेत, श्रेयनामावलीत त्यांची नावे त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहावीत, आणि पुरस्काराची रक्कम आली तर तिचा हिस्सा वाडीत पोचावा. महोत्सवातून परतलेला चित्रपट आधी तिथे दाखवावा. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसे यात्रेत बैलबाजाराला लोटणाऱ्या गर्दीसाठी एक पडदा उभारणे काही अवघड नाही. तिथे एखाद्या म्हाताऱ्या ठाकराने उठून ‘आमच्यात असं नाही करत’ असे सांगितले, तर दिग्दर्शकाने तेही परीक्षकांच्या शेऱ्याइतकेच मनावर घेऊन लिहून ठेवावे, आणि पुढच्या चित्रपटाच्या संहितेला हात घालण्याआधी ते काढून वाचावे.