इशारा ऐकणारा कोण?

बदनापूर, जालना आणि परतूर ही एकाच लोहमार्गावरची स्थानके. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग तयार झाला. गेज बदलले, इंजिने बदलली, अलीकडे वर विजेच्या ताराही आल्या. स्टेशनमास्तरचा प्रश्न मात्र तोच राहिला: पुढचा टप्पा मोकळा आहे का? त्याला तो टप्पा डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून तो पुढच्या स्टेशनला विचारतो आणि ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याखेरीज गाडी सोडत नाही. गाडी पुढच्या स्टेशनात शिरली की तिथला माणूस शेवटच्या डब्याच्या पाठीवरची खूण पाहतो. इंजिन आले म्हणजे गाडी आली, असे रेल्वे धरत नाही. वाटेत कपलिंग तुटून दोन डबे मागेच उभे असू शकतात. शेवटची खूण दिसली तरच टप्पा मोकळा.

न दिसणाऱ्या गोष्टीवर दुरून लक्ष कसे ठेवायचे, या विचाराचे हे बहुधा आपल्या सर्वांत जवळचे रूप असावे. त्यात तीन गोष्टी पक्क्या ठरलेल्या आहेत. पहिली, उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ ‘धोका’ असाच घ्यायचा. जुन्या सिग्नलची तार तुटली तर त्याचा हात वजनाच्या ओढीने आपोआप धोक्याच्या स्थितीत जातो, तो याच न्यायाने. दुसरी, तपासायचे ते काम शेवटाला गेले की नाही; सुरू झाले की नाही, एवढ्यावर भागत नाही. तिसरी, प्रत्येक खूण कुणी पाहायची आणि ती दिसली नाही तर काय करायचे, हे नियमपुस्तकात आधीच लिहिलेले असते.

संगणकाच्या जगाला या तीन गोष्टी पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागल्या, आणि त्यात बरीच दशके गेली.

आपल्याकडचे पहिले मोठे संगणक आले तेव्हा दुरून लक्ष ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० बसला. रेल्वेच्या विभागीय कार्यालयांत त्याच दशकात आयबीएम १४०१ यंत्रे आली. छिद्रे पाडलेली कार्डे यंत्रापाशी नेली जात आणि कागदावर छापलेले निकाल परत येत. यंत्र बंद पडले तर शेजारी बसलेल्या ऑपरेटरला ते कळतच असे. यंत्र एका गावी आणि ते वापरणारा दुसऱ्या गावी, अशी वेळ आली तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली.

आयबीएमने १९७४ मध्ये ‘एसएनए’ ही जाळ्याची रचना जाहीर केली. मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या, पोटातला ‘व्हीटॅम’ हा प्रोग्राम या जाळ्याचा कारभारी. टेलिफोनची लाइन, दूरच्या शाखेतला कंट्रोलर, त्याला जोडलेले टर्मिनल आणि ज्याच्याशी बोलायचे तो प्रोग्राम, या सगळ्यांना त्याने ‘रिसोर्स’ म्हणून नाव दिले आणि प्रत्येकाची स्थिती नोंदवायला सुरुवात केली: चालू, बंद, किंवा अधांतरी. ऑपरेटरने कन्सोलवर नाव टाकून विचारले की स्थिती समोर येई. यात मेख एवढीच होती की विचारावे लागे. कुणी विचारले नाही तर सारे आलबेल, असा रेल्वेच्या अगदी उलटा नियम इथे रूढ झाला. बिघाडाची पहिली बातमी बहुधा शाखेतून आलेल्या फोनवरच कळे.

व्हीटॅम स्वतःहून काही बोलत नसे, असे मात्र नाही. एखादा रिसोर्स निष्क्रिय झाला की कन्सोलवर ‘आयएसटी १०५ आय’ हा संदेश उमटतो. मेनफ्रेमच्या रिवाजात संदेशक्रमांकाच्या शेवटच्या अक्षरावरून त्याचे महत्त्व कळते. ‘ए’ असेल तर ऑपरेटरने हात हलवायचा, ‘आय’ असेल तर नुसती माहिती. म्हणजे एखाद्या शाखेची लाइन बंद पडणे ही यंत्राच्या लेखी नुसती माहिती आहे. यात यंत्राची चूक नाही. ती लाइन रात्री ठरवून बंद केली असेल, किंवा तिच्यापलीकडे दीडशे माणसे रांगेत उभी असतील. यंत्राला दोन्ही सारखेच. कशाला महत्त्व द्यायचे हे यंत्र बनवणाऱ्याला ठरवता येत नाही, ते वापरणाऱ्यानेच ठरवावे लागते. या क्षेत्रातली पुढची सगळी धडपड या एका गोष्टीभोवती फिरते.

ही धडपड आपल्याकडे जरा उशिरा पोचली. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. देशभर पसरलेल्या जाळ्याची सवय सामान्य माणसाला लागली ती रेल्वेच्या संगणकीय आरक्षणामुळे. दिल्लीत १९८५ साली सुरुवात झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांना जोडली गेली. ती यंत्रे काटेकोर अर्थाने मेनफ्रेम नव्हती, पण घडण तीच होती: मध्ये एक केंद्र आणि त्याच्याशी बोलणाऱ्या असंख्य खिडक्या. जालना दक्षिण मध्य रेल्वेत मोडते आणि त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला. खिडकीवर मात्र ऐकू येई ते एकच वाक्य: ‘लिंक नाही.’ बँकेत तेच, पोस्टात तेच. लाइन तुटली, मोडेम बसला, कंट्रोलर अडकला, केंद्रातला प्रोग्राम गोठला किंवा नुसती वीज गेली, तरी रांगेतल्या माणसाला आणि खिडकीमागच्या बाबूलाही उत्तर एकच. लक्ष ठेवण्याची व्यवस्था उभारायची म्हणजे या एका वाक्याची फोड करायची.

ती फोड करणारे पहिले मोठे साधन म्हणजे आयबीएमचे ‘नेटव्ह्यू’, १९८६ सालचे. आधी सुटी असलेली लाइन तपासण्याची, बिघाड नोंदवण्याची आणि आज्ञा देण्याची हत्यारे त्यात एकत्र आली. त्यातून ‘अलर्ट’ला एक शिस्तशीर रूप मिळाले: काय झाले, संभाव्य कारण काय, आणि काय करून पाहावे. अलर्टमध्येच उपाय सुचवायचा, ही कल्पना मला यंत्राच्या वेगापेक्षाही मोठी वाटते. बातमी देऊन गप्प बसणारा आणि बातमीबरोबर पुढचे पाऊल सांगणारा, यांत जो फरक असतो तोच इथे होता.

दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, मेनफ्रेमबाहेरच्या जाळ्यांसाठी ‘एसएनएमपी’ आले. त्यात विचारपूस आणि आपणहून हाक, असे दोन्ही मार्ग होते. केंद्राने ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राला विचारायचे, किंवा काही बिघडले की यंत्रानेच हाक मारायची. आपणहून हाक मारण्याची सोय स्वस्त, पण तिच्यात एक खोट होती. ती हाक ज्या पद्धतीने जाते तिच्यात पोचपावती नसते. हाक वाटेत हरवली तर केंद्राला पत्ताच लागत नाही. शिवाय जे यंत्र पूर्ण मेले ते हाक कशी मारणार? म्हणून ठरलेल्या वेळी ‘मी आहे’ असा ठोका पाठवत राहायचा आणि ठोका चुकला की तोच इशारा मानायचा, ही रीत रुळली. लोहमार्गावरचा जुना नियम असा फिरून संगणकात आला: गप्प आहे, म्हणजे काहीतरी बिघडले आहे.

हे जमल्यावर उलटाच त्रास सुरू झाला. सगळेच बोलू लागले. एका लाइनवर वीस कंट्रोलर आणि त्यांच्यामागे चारशे टर्मिनले असतील, तर लाइन तुटताच तिच्यासकट चारशे एकवीस इशारे उमटतात. त्यांतला खरा एक, बाकी सगळे त्याचेच प्रतिध्वनी. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण संगणकाबाहेरचे आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात बिघाड झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याच्या खुणा एकाच वेळी पेटल्या. महत्त्वाची कोणती, बिनमहत्त्वाची कोणती, हे सांगायची सोयच नव्हती. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनच्या ‘ईईएमयूए’ या अभियांत्रिकी संघटनेने उद्योगांसाठी मार्गदर्शिका काढली. सुरळीत कामकाजात एका ऑपरेटरकडे दहा मिनिटांत सरासरी एकापेक्षा कमी इशारे आले तर ते झेपतात, असा तिचा अंदाज. माणसाचे लक्ष मोजूनमापून वापरायची वस्तू आहे, हे त्यात आकड्याने मान्य झाले.

मेनफ्रेमवाल्यांनी यासाठी दोन उपाय केले. एक, संदेश गाळायचे. कोणते दाबायचे आणि कोणते पुढे जाऊ द्यायचे याची यादी ठेवायची. दोन, कुणावर कोण अवलंबून आहे याचा नकाशा ठेवायचा, म्हणजे लाइन पडल्यावर तिच्यामागची चारशे टर्मिनले गप्प ठेवता येतात. पुण्यात मोठे केंद्र असलेल्या बीएमसी सॉफ्टवेअरची ‘मेनव्ह्यू’ ही साधने याच घराण्यातली. महाराष्ट्रातल्या अनेक तरुणांनी परदेशातल्या बँका-विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर लक्ष ठेवत रात्रपाळ्या काढल्या आहेत. संदेश दाबण्यातली जोखीम त्यांना कुणी समजावून सांगायला नको. आज नकोसा वाटणारा इशारा दाबला जातो, तो दाबणारा नोकरी बदलून जातो, आणि पुढे त्याच दाबलेल्या संदेशातून मोठा बिघाड निसटतो.

मर्यादा ठरवणेही सोपे नसते. ‘लाइन ८० टक्क्यांवर भरली तर सांग’ असा नियम कागदावर नीट दिसतो. पण जालन्याच्या मोंढ्यात कापूस-सोयाबीनचा हंगाम भरात असताना सकाळी अकराला भरलेली लाइन म्हणजे धंदा चालल्याची खूण. तीच लाइन पहाटे तीनला तेवढी भरली तर काहीतरी गडबड आहे. आणि हंगामात भर दुपारी ती अगदी रिकामी असेल, तर गडबड त्याहून मोठी. म्हणून स्थिर आकड्याऐवजी ‘या वारी, या वेळी नेहमी किती असते’ याच्याशी ताडून पाहणारी मर्यादा आली. गावाचा बाजारवार आणि पगार-पेन्शनची तारीख ठाऊक नसलेल्या माणसाने लावलेली मर्यादा सहसा चुकते.

आणि कधी तर विचारपूसच बोजा होते, हेही आपण पाहिले. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय रखडले. रेशीम कोष विकायला आलेला शेतकरी असो की चहाची टपरी, सगळ्यांचे अडले. ‘व्यवहार झाला का?’ अशा स्थितीच्या विचारणांचा काही बँकांकडून मारा झाला आणि त्याखाली यंत्रणा दबली, असे कारण पुढे आले. पैसे पाठवण्यापेक्षा पैसे पोचले का हे विचारणे जड झाले होते. त्यानंतर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नियम केले. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला शिल्लक तपासण्याला पन्नासची मर्यादा आली, अडकलेल्या व्यवहाराची स्थिती विचारण्यावरही बंधन आले. किती वेळा विचारावे, हा मेनफ्रेमच्या जुन्या माणसांचा रोजचा हिशेब. तो आता खिशातल्या फोनपर्यंत आला आहे.

इथवरचा प्रवास हुशारीचा आहे. पण त्याला एक मर्यादा आहे आणि ती सुरुवातीला सांगितलेल्या लोहमार्गावरच दिसली. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशची ही माणसे टाळेबंदीत पायी गावाकडे निघाली होती आणि थकून रुळांवर झोपली. प्रवासी गाड्या बंद होत्या. रुळांवरच्या शांततेतून, गाड्या चालत नाहीत असे त्यांनी धरले. इकडे टप्प्यात दुसरी गाडी नाही, हे यंत्रणेला नेमके ठाऊक होते. टप्प्यात माणसे आहेत का, हा प्रश्न तिच्या यादीतच नव्हता. चालकाला ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता.

या दुर्घटनेचा दोष सिग्नल यंत्रणेवर टाकणे चुकीचे ठरेल. ती गाड्यांसाठी होती आणि तिने आपले काम केले. पण लक्ष ठेवणारी कुठलीही यंत्रणा आपण दिलेल्या यादीपलीकडे पाहत नाही, हे तिथे कळते. पडद्यावर सगळे हिरवे असणे म्हणजे सगळे ठीक असणे नव्हे. यादीतले ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. यादी कोण करतो आणि कुणाला तीत धरतो, हा प्रश्न तंत्रज्ञानाआधीचा आहे.

म्हणून मला वाटते, मॉनिटर आणि अलर्ट लावणे हे दिसायला तांत्रिक असले तरी मुळात जबाबदारी वाटून देण्याचे काम आहे. मेनफ्रेम असो, जिल्हा बँकेचे जाळे असो की ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेचा पंप, प्रत्येक गोष्टीपुढे चार उत्तरे लिहिलेली हवीत. ती गप्प झाली तर किती वेळाने बिघडली असे धरायचे? ती चालू आहे एवढेच पाहायचे, की तिच्यामुळे होणारे काम शेवटच्या माणसापर्यंत पोचले हेही पाहायचे? इशारा आल्यावर उठायचे कुणी? आणि उठून त्याने करायचे काय? चौथे उत्तर नसेल तर तिसऱ्याला अर्थ नाही, आणि तिसरे नसेल तर सगळा खर्च पाण्यात.

आपल्या कार्यालयात अशी यंत्रणा असेल तर गेल्या महिन्यातले इशारे काढून पाहावेत. ज्यांवर कुणीच काही केले नाही, त्यांची छाननी करावी आणि निरर्थक ठरतील ते कारण लिहून बंद करावेत. आणि ज्या बिघाडाची बातमी आपल्याला आधी ग्राहकाच्या फोनवरून कळली, त्याच्यावर इशारा आजच लावावा.